चार नोंदवह्या आणि एक माणूस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेघरांचा प्रश्न सोडवण्यासाठी शहरातील लोकप्रतिनिधी, धर्मगुरू, डॉक्टर, पोलीस अधिकारी, उद्योजक आणि सेवाभावी संस्थांचे प्रमुख एकत्र येत असल्याच्या बातम्या अलीकडे ठिकठिकाणांहून वाचायला मिळतात आणि त्या वाचून मनापासून बरे वाटते. मी गेली चौदा वर्षे एका रात्रनिवाऱ्यात स्वयंसेविका म्हणून काम करते आणि अशा काही बैठकांना मी स्वतः हजर राहिले आहे. त्या अनुभवातून एकच गोष्ट आपल्या वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मान्यवरांनी एका टेबलाभोवती बसणे ही सुरुवात झाली. प्रत्येकाने आपापली नोंदवही त्या टेबलावर उघडून ठेवणे, आणि यापुढे सगळ्यांनी मिळून नावानिशी एकच यादी चालवणे, हे खरे काम आहे. बैठक बोलावण्याइतके ते सोपे नाही, कारण त्यात प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी सोडावे लागते.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर वेगवेगळ्या संस्थांतल्या आम्ही काही जणांनी ठरवून आपापल्या नोंदी ताडून पाहिल्या. आमच्या रजिस्टरमध्ये एका माणसाचे पूर्ण नाव होते. अन्नवाटप करणाऱ्यांच्या वहीत तोच माणूस टोपणनावाने होता. फिरत्या दवाखान्याच्या कार्डावर त्याचे आडनाव चुकलेले आणि वय सात वर्षांनी कमी लावलेले होते, तर गस्तीवरच्या पोलिसांच्या डायरीत तो नुसता ‘पुलाखालचा लंगडा’ होता. डाव्या घोट्यावरच्या न भरणाऱ्या जखमेचा उल्लेख चारही ठिकाणी निघाला, तेव्हा हा एकच माणूस आहे हे आमच्या ध्यानात आले. त्या हिवाळ्यात त्याला पाच पांघरुणे मिळाली होती. ओळखपत्राचा अर्ज मात्र कोणीच भरलेला नव्हता, कारण तो दुसऱ्या कोणीतरी भरला असेल असे चौघेही धरून चालले होते. त्याच पुलापासून हाकेच्या अंतरावर, बंद दुकानाच्या शटरला पाठ टेकून रात्रभर जागी राहणारी एक बाई होती. ती आमच्या चारपैकी एकाही वहीत नव्हती. रात्री डोळा लागू देण्याची तिला भीती वाटे, म्हणून ती दिवसा एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर, नंबर येण्याची वाट पाहत असल्यासारखी, बसल्या बसल्या झोपून घेत असे. आमच्या मोजण्या सगळ्या रात्रीच्या होत्या.

त्या चौघांपैकी कोणाच्याही तळमळीबद्दल मला शंका नाही, कारण त्यांतली एक मी होते. आम्ही सगळे आपापल्या अहवालात खाटा, ताटे, गोळ्या आणि पांघरुणे मोजत होतो आणि दरवर्षी ते आकडे वाढले की समाधान मानत होतो. जो आकडा कमी व्हायला हवा, म्हणजे अमुक महिन्याच्या अमुक तारखेला या शहरात किती माणसांना घर नाही, तो मात्र कोणाच्याच अहवालात नव्हता. कारण तो आकडा कोणा एका संस्थेच्या वाट्याचा नव्हता.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराची स्थिती काही फार निराळी नव्हती. २०११ च्या सुमारास तिथल्या एका रात्रीच्या मोजणीत साडेआठ हजारांच्या आसपास बेघर माणसे आढळली होती. रस्त्यावर राहणाऱ्या माजी सैनिकाला साहाय्यासह कायमचे घर मिळेपर्यंत ७६ वेगवेगळ्या पायऱ्या चढाव्या लागत आणि त्यात ७२० दिवस जात. हा आकडा वाचल्यावर मी थोडा वेळ थांबले, कारण तो कसा साठत जातो हे मला जवळून ठाऊक आहे. एका खात्याला हवा तो दाखला दुसऱ्या खात्याकडून आणायचा, तो मिळेपर्यंत पहिल्या दाखल्याची मुदत संपलेली असते. प्रत्येक खिडकीवर तोच माणूस तीच कहाणी नव्याने सांगतो. मध्येच त्याचा फोन हरवतो किंवा तो आजारी पडतो, आणि ठरलेल्या दिवशी हजर न राहिल्यामुळे त्याची फाइल बंद होते. यातल्या एकाही खिडकीमागचा माणूस दुष्ट असावा लागत नाही. प्रत्येक जण आपला नियम नीट पाळतो आणि तरीही बाहेरच्या माणसाची दोन वर्षे जातात.

महापौर ॲनिस पार्कर यांच्या कारकिर्दीत, २०१२ मध्ये, ह्यूस्टनने ‘द वे होम’ या नावाने एक सामायिक व्यवस्था उभी केली. शहर, काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), सरकारी गृहनिर्माण प्राधिकरण, माजी सैनिकांचे खाते आणि शंभरावर सेवाभावी संस्था तिच्यात आल्या. माणूस कोणत्याही दाराने आला तरी त्याची चौकशी एकाच नमुन्यावर व्हायची आणि नाव एकाच यादीत जायचे. कोणाला घराची निकड सर्वांत जास्त आहे हे त्या यादीवरून ठरायचे, कोणती संस्था त्याला आधी भेटली यावरून नाही. त्यानंतरच्या दहा वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक माणसे घरात गेली, बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली आणि ७२० दिवसांची ती वाट ३२ दिवसांवर आली. मधल्या काळात महापौर बदलले. पार्कर यांच्यानंतर आलेल्या सिल्व्हेस्टर टर्नर यांनी आधीच्या महापौरांची योजना म्हणून ती गुंडाळून ठेवली नाही, पुढे चालवली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट तीच आहे. हेही सांगितले पाहिजे की अमेरिकेतल्या इतर महानगरांच्या मानाने ह्यूस्टनमध्ये घरे स्वस्त आहेत आणि बांधकामाचे नियम सैल आहेत. जिथे रिकामी घरेच नाहीत किंवा भाडे आवाक्याबाहेर आहे, तिथे उत्तम यादीसुद्धा माणसाला फक्त शिस्तीत ताटकळत ठेवील. म्हणून बांधकाम परवानग्या आणि भाड्याची मदत ज्यांच्या हाती आहे, ती माणसे टेबलाशी नसतील तर बाकीच्यांनी बसून फारसे काही साधणार नाही.

बेघरांना आधी घर देणाऱ्या फिनलंडचे उदाहरण आता पुष्कळांना माहीत झाले आहे, पण त्यातला एक भाग क्वचितच सांगितला जातो. तिथल्या ‘वाय-फाउंडेशन’ची स्थापना १९८५ मध्ये झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत मोठ्या शहरांच्या नगरपालिका, रेड क्रॉस, चर्च आणि बांधकाम क्षेत्रातल्या मालकांची तशीच कामगारांची संघटनाही होती. एरवी एकमेकांसमोर उभे राहणारे हे दोन पक्ष बेघरांसाठी घरे मिळवण्याच्या कामात शेजारी बसले. पुढे २००७ मध्ये सरकारने चौघांचा एक लहान गट नेमला. हेलसिंकीचे बिशप, त्या शहराच्या समाजसेवा खात्याचे संचालक, डॉक्टर असलेले एक राजकारणी आणि वाय-फाउंडेशनचे प्रमुख असे ते चौघे. त्यांच्या अहवालाच्या नावाचा अर्थ ‘दारावर नाव’ असा होता. माणसाला दारावर स्वतःचे नाव लावता येईल असे घर आधी द्यायचे, बाकीचे उपचार आणि आधार त्या घरात राहता राहता, हे धोरण २००८ पासून देशभर राबवले गेले.

त्या धोरणात रात्रनिवारे बंद करून त्यांच्या जागी घरे करण्याचा निर्णय होता, आणि तो मला, एका रात्रनिवाऱ्यात आयुष्याची चौदा वर्षे घातलेल्या बाईला, प्रथम फार खटकला. हेलसिंकीत मुक्तिफौजेचा (‘सॅल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेचा) एक जुना निवारा होता. त्याच्या सुमारे अडीचशे खाटा काढून तिथे ऐंशीच्या आसपास स्वतंत्र घरे केली गेली, ज्यांत राहणाऱ्याशी रीतसर भाडेकरार होतो. ज्या संस्थेची ओळखच त्या खाटांवर उभी होती, तिने त्या खाटा सोडून द्यायला होकार दिला. अडीचशेचे ऐंशी झाले म्हणजे अहवालातला आकडा जवळपास एक तृतीयांशावर आला. देणगीदारांना हे कसे समजावले असेल, या विचारात मी बराच काळ होते. पण खाटेवर झोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बेघरच असतो आणि वर्षानुवर्षे त्याच खाटेवर येत राहतो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? १९८० च्या दशकाच्या मध्यावर हेलसिंकीत रात्रनिवाऱ्यांच्या आणि वसतिगृहांच्या दोन हजारांवर खाटा होत्या, २०१६ मध्ये त्या ५२ उरल्या. संपूर्ण देशातली बेघरांची संख्या त्या दशकात पंधरा हजारांच्या वर होती, ती २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आली.

याला हमखास घेतला जाणारा आक्षेप असा की, व्यसनी किंवा मनोरुग्ण माणसाच्या हाती घराची किल्ली दिली तर तो ते घर टिकवणार नाही, आधी त्याने सुधारावे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी नेमका याच्या उलट क्रम धरला, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले होते. त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा कॅनडाने घेतली. २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरंटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून, एका गटाला आधी घर देण्यात आले आणि दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. अभ्यासाच्या अखेरच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले, दुसऱ्या गटातले ३१ टक्के. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन गटांत मोठा फरक पडला नाही, हेही नेत्यांनी लोकांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर हे व्यसनावरचे औषध नाही. ते बेघरपणावरचे औषध आहे, आणि ते घेतल्यावर इतर औषधे देण्यासाठी माणूस एका पत्त्यावर सापडतो.

आमच्या त्या घोट्याच्या जखमेच्या माणसाला पुढे एक खोली मिळाली. किल्ली देताना मी बरोबर होते. त्याने खोली पाहिली, खिडकी उघडून मिटून पाहिली आणि मला विचारले, “ताई, सकाळी किती वाजता बाहेर पडायचं?” निवारा सकाळी सहाला रिकामा करावा लागतो आणि ते त्याच्या अंगवळणी पडले होते. इथे बाहेर पडायचे नाही, हे त्याला मी दोनदा सांगितले. पुढचे काही आठवडे तो तरीही सहाला आवरून, पिशवी भरून, दाराशी बसत असे, असे शेजारच्या बाईंनी मला सांगितले. जखम भरायला त्यानंतर तीन महिने लागले. रस्त्यावर असताना ती चार वर्षे भरत नव्हती.

आता टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नेमके काय आहे, याविषयी थोडे. रुग्णालयाचे प्रमुख असतील तर त्यांच्या हातात डिस्चार्जचा कागद आहे. माणूस कुठे जाणार हे न विचारता रात्री तो कागद हातात ठेवला, की दुसऱ्या दिवशी आमच्या यादीत एक नाव वाढते. तुरुंगातून सुटणाऱ्यांचे आणि वयाची अट पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचेही तसेच. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने हे काम चांगुलपणावर सोडलेले नाही. ऑक्टोबर २०१८ पासून तिथली रुग्णालये, तुरुंग आणि रोजगार कार्यालये यांच्यावर बंधन आहे की, समोरचा माणूस बेघर आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असे दिसले, तर त्याच्या संमतीने स्थानिक गृहनिर्माण खात्याला कळवायचे. घर जाण्याच्या छप्पन्न दिवस आधीपासून मदत करणे हे त्या खात्याचेही कर्तव्य आहे. घर गेल्यावर ते मिळवून देण्यापेक्षा ते जाऊ न देणे किती सोपे असते, हे पाहण्यासाठी थकलेल्या दोन महिन्यांच्या भाड्याची रक्कम आणि वर्षभर निवाऱ्यात ठेवण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

धर्मगुरूंकडे अन्नदान आणि वस्त्रदान यांच्या पलीकडचे एक बळ आहे, ते म्हणजे त्यांच्यासमोर बसणाऱ्या लोकांत घरमालक असतात. रस्त्यावरून आलेल्या भाडेकरूला घर द्यायला घरमालक घाबरतात आणि त्यांची भीती खोटी नसते. भाडे बुडाले, मोडतोड झाली तर भरून कोण देणार, रात्री-अपरात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा, हे त्यांचे प्रश्न आहेत. नुकसानभरपाईचा सामायिक निधी उद्योजकांनी उभा केला, चोवीस तास उचलला जाणारा एक फोन संस्थांनी सांभाळला आणि धर्मगुरूंनी आपल्या लोकांत बसून दोन शब्द टाकले, तर जी दारे आम्हा स्वयंसेवकांना उघडत नाहीत ती उघडतात. नव्या घरांना शेजाऱ्यांचा विरोध होतो तेव्हाही त्यांच्या शब्दाला आमच्या पत्रकापेक्षा जास्त वजन असते.

पोलिसांविषयी मला काहीसे तीव्रपणे लिहावे लागत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास या शहराच्या प्रकरणात निकाल देऊन, निवाऱ्यात जागा नसतानाही उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याची नगरपालिकांना मुभा दिली. दंड भरायला पैसे नसलेल्या माणसाला दंड करून त्याच्या नावावर थकबाकी आणि गुन्ह्याची नोंद मात्र चढते, आणि उद्या त्याला घर देऊ पाहणारा मालक ती नोंद पाहतो. पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमांत आणखी एक घडते. माझ्या समोर एका वृद्ध गृहस्थांची पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली. तिच्यात प्लॅस्टिकमध्ये दुमडून ठेवलेला त्यांचा जन्माचा दाखला होता, जो मिळवायला आम्हाला पाच महिने हेलपाटे घालावे लागले होते. ज्यांनी ती पिशवी उचलली ते त्यांना नेमून दिलेले काम करत होते. पोलीस अधिकारी टेबलाशी असते आणि त्यांच्यासमोर यादी असती, तर मोहिमेआधी एक फोन पुरला असता.

ज्यांनी स्वतः रस्त्यावर दिवस काढले आहेत अशा निदान दोघांना त्या टेबलाशी जागा असावी आणि इतरांप्रमाणे त्यांच्या वेळेचे मोलही दिले जावे. बाकावर दिवसा झोपणाऱ्या बाईचा पत्ता आम्हाला सांगितला तो अशाच एका महिलेने.

यादी एकदा करून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. कॅनडातील मेडिसिन हॅट या लहान शहराने २००९ मध्ये बेघरपणा संपवण्याची योजना आखली. तिथले महापौर सुरुवातीला तिच्या विरोधात होते, ते नंतर तिचे खंदे पुरस्कर्ते झाले. २०२१ मध्ये दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या तिथे जवळपास शून्यावर आल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर ती पुन्हा वाढली. फिनलंडमध्येही २०२४ मध्ये संख्या अनेक वर्षांनी वर गेली. ज्यांना या कामात अर्थ नाही असे दाखवायचे असते, ते हे आकडे पुढे करतात. मला त्यातून एवढेच दिसते की भाडी वाढली, मदतीला कात्री लागली, की नवी माणसे रस्त्यावर येतात आणि काल पूर्ण झालेले काम आज पुन्हा करावे लागते. दर महिन्याला यादी वाचली जात असेल तर ते पहिल्या तीस दिवसांत कळते, नाही तर पुढच्या मोजणीपर्यंत कळत नाही.

यादीत नाव घालताना माणसाची संमती घ्यावी, त्याचा आजार आणि पूर्वायुष्य कोणाला दिसावे यावर बंधन असावे आणि ती यादी कोणाला हुसकावण्यासाठी वापरली जाणार नाही याची लेखी हमी सर्वांनी द्यावी. ही हमी नसेल तर लोक खरी नावे सांगणार नाहीत, आणि त्यांनी सांगू नयेत.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. बैठकीचे छायाचित्र आपण छापालच. पण हवामानाचा तक्ता ज्या नेमाने छापला जातो, त्याच नेमाने दर महिन्याला एका लहान चौकटीत पाच आकडे छापावेत. आज यादीत किती नावे आहेत, या महिन्यात नवी किती आली, किती जणांना घर मिळाले, त्यासाठी सरासरी किती दिवस लागले आणि वर्षापूर्वी ज्यांना घर मिळाले होते त्यांपैकी किती जण अजून त्या घरात आहेत. हे आकडे देण्याची जबाबदारी टेबलाशी बसलेल्यांपैकी एका व्यक्तीच्या नावावर असावी आणि एखाद्या महिन्यात ते आले नाहीत तर चौकट रिकामी छापावी. सुरुवातीचे काही महिने पहिला आकडा वाढत गेलेला दिसेल, कारण शटरला टेकून जागणाऱ्या बाईचे नाव तेव्हा कुठे यादीत चढेल. त्या वाढीवरून योजना फसल्याची बातमी कृपया करू नये.

आपली नम्र,
रात्रनिवाऱ्यातील एक स्वयंसेविका